काही बोलला नाही, सही केली नाही

पिंपरीच्या पट्ट्यात एखाद्या कामगाराला मेमो मिळाला, की तो पाकीट घेऊन थेट संत तुकाराम नगरात यायचा. उद्धवराव गंभिरे यांचं घर तळमजल्यावर, दार दिवसभर उघडं. येणारा चपला बाहेर काढायचा, पाणी प्यायचा आणि पाकीट न फोडता टेबलावर ठेवायचा. न फोडता, ही उद्धवरावांची अट. फोडून आणलं तर ते चिडायचे.

"आधीच वाचलंस? म्हणजे आता डोक्यात राख घालून आलास. जा, नळाखाली डोकं धर आणि मग ये."

उद्धवराव मूळचे औसा तालुक्यातले. एक्क्याऐंशी साली पिंपरीला आले, गिअर बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून लागले आणि सदतीस वर्षांनी त्याच गेटातून निवृत्त होऊन बाहेर पडले. युनियनमध्ये होते, पण पुढारी कधी झाले नाहीत. गेट मीटिंगला मागच्या झाडाखाली उभे असत. कुणी माईक हातात दिला तर नुसता घसा खाकरून परत देत. त्यांची सगळी धार कागदावर होती. भोसरीपासून चाकणपर्यंत लोक म्हणत, खुलासा लिहावा तर गंभिरे अण्णांनीच.

खुलासा म्हणजे मेमोला द्यायचं लेखी उत्तर. उद्धवरावांच्या प्रत्येक खुलाशाचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: 'आपल्या पत्रातील मजकूर मला मान्य नाही.' मग तारीख, शिफ्ट, मशीन नंबर, सुपरवायझरचं नाव. आरोपपत्रात पहिली शिफ्ट लिहिलेली असली, की ते हजेरी मागवत आणि तो माणूस त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला होता हे दाखवून देत. एचआरचे लोक त्यांचं अक्षर लांबून ओळखत. एका मॅनेजरने तर नव्या पोरांना सांगून ठेवलं होतं, "तिरक्या अक्षरातला कागद आला की आधी आपली चूक शोधा."

मेमो मिळालेल्या माणसाने काय करायचं, याचाही त्यांचा नियम होता. साहेबाने केबिनमध्ये बोलावलं तर जायचं. हात मागे बांधून उभं राहायचं. आणि तिथं काही बोलायचं नाही, कशावर सही करायची नाही.

"एक शब्दसुद्धा नाही?" नवखा विचारायचा.

"नमस्कार म्हण. तेवढा पुरे."

हा नियम त्यांना चिमाजीमुळे सुचला होता. काळेवाडीच्या एका खोलीत आठ जण राहायचे, तेव्हाचा हा सोबती. ग्राइंडिंगला होता. ब्याण्णव साली शिफ्टमध्ये झोपल्याचा आरोप आला. साहेबाने केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि म्हणाला, चूक झाली म्हणून चार ओळी लिहून दे, विषय संपवू. चिमाजी बाहेर येऊन उद्धवरावांना विचारून गेला. उद्धवराव म्हणाले, "देऊन टाक की. साहेब माणूस चांगला आहे." चिमाजीने लिहून दिलं. त्या चार ओळी म्हणजे गुन्ह्याची कबुली ठरली आणि आठ दिवसांत त्याला कामावरून काढलं. तो गावी परत गेला. पुढे लग्नाकार्यात भेटायचा, चांगलं बोलायचा. कारखान्याचा विषय मात्र दोघांनीही कधी काढला नाही.

तेव्हापासून उद्धवराव खुलासे लिहू लागले. कुणाला गप्प राहा म्हणून सांगायचं ते तेव्हापासूनच.

*

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी गोरक्ष येळवंडे आला. सोबत त्याची आई सारजाबाई आणि बायको तेजल. सारजाबाईंच्या हातात पिशवीभर वाटाणा होता.

"शेतातला हाय, भाऊ. आता उरलंय तरी किती, गोडाऊनच्या मागं एवढीशी पट्टी."

गोरक्ष चाकणच्या बाजूच्या गावातला. आयटीआय करून गावाशेजारच्याच एका प्लँटमध्ये फिटर म्हणून लागला होता. आठ वर्षांपूर्वी प्रेस मशीनचं हात वाचवणारं गार्ड काढून काम करायला नकार दिला म्हणून त्याला निलंबित केलं होतं. तेव्हा खुलासा उद्धवरावांनीच लिहिला. चौकशीत गोरक्ष चार बैठका हात मागे बांधून उभा राहिला, हूं की चूं केलं नाही, आणि सव्वा महिन्यात कामावर परत गेला. कंत्राट संपल्यावर मात्र कंपनीने कायम केलं नाही. मग त्याने जहाजावर जाण्याचे कोर्स केले, खलाशाचं पुस्तक काढलं आणि समुद्रावर फिटर झाला. जहाजावरसुद्धा फिटर लागतो, हे त्याच्या गावात त्याच्यामुळेच कळलं.

त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. न फोडलेलं.

"कोणत्या कंपनीचा मेमो?" उद्धवरावांनी चष्मा लावला.

"कंपनीचा नाही, अण्णा. मुंबईच्या शिपिंग ऑफिसचा आहे. रजिस्टर पोस्टाने आला."

"शुक्रवारी आलाय काका," तेजल म्हणाली. "मी म्हटलं उघडून बघू. हा म्हणतो, अण्णांचा नियम आहे."

उद्धवरावांनी पट्टीने पाकीट फोडलं. आत तीन कागद होते. पहिली नोटीस: तुमचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं पुस्तक, निलंबित का करू नये याचं पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, आणि पुस्तकासह सुनावणीला हजर राहा. दुसरं कंपनीचं तक्रारपत्र. तिसरी जहाजाच्या लॉगबुकातल्या एका पानाची नक्कल, इंग्रजीत टाइप केलेली.

"हे पुस्तक नसलं तर?"

"तर कुठल्याच जहाजावर पाय ठेवता येत नाही. कंपनी कुठलीही असो."

"आन मंग चाकणात तरी कोण घेतंय त्याला?" सारजाबाई म्हणाल्या. "तेहतीस वर्साचा घोडा. तिथं आता अठरा-अठरा वर्साची पोरं लागत्यात."

"आई, थांब ना जरा."

"थांबते की. मी काय बोलले?"

उद्धवरावांनी तिसरा कागद दोनदा वाचला. एकोणीस सप्टेंबर, सकाळी दहा चाळीस. चीफ ऑफिसरने फिटरला चार नंबरच्या बॅलास्ट टाकीत, म्हणजे जहाजाच्या तोलासाठी पाणी भरतात त्या टाकीत, उतरून पाइपचं काम करायला सांगितलं. फिटरने नकार दिला. पुन्हा सांगितलं, पुन्हा नकार दिला. कायदेशीर हुकमाची जाणूनबुजून अवज्ञा. दुपारी दोन वाजता कप्तानाने सेकंड इंजिनिअरच्या समक्ष ही नोंद फिटरला मोठ्याने वाचून दाखवली, नक्कल देऊ केली आणि त्याचं म्हणणं विचारलं. शेवटची ओळ अशी होती: फिटर काही बोलला नाही, त्याने नक्कल घेतली नाही, सही केली नाही.

"अगदी बरोबर वागलास," उद्धवराव म्हणाले.

गोरक्षने मान हलवली. तेजल खिडकीकडे बघत होती.

*

"आता मला जहाज सांग. कुठलं जहाज?"

"मालक मुंबईचेच आहेत."

"म्हणजे कायदा आपला."

"नाही ना अण्णा. पासिंग मोनरोव्हियाचं आहे."

"कुठलं?"

"आफ्रिकेत. लायबेरिया देश. जहाजाच्या मागच्या बाजूला नावाखाली तेच गाव लिहिलेलं असतं."

"तू गेलास कधी त्या गावाला?"

"मी काय, जहाजपण गेलं नसेल."

उद्धवरावांच्या पत्नी सोजराबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या तिथंच थांबल्या. "अगं बया. मग तिथलं कशाला लिवलंय?"

"काकू, आपल्या इथं नाही का," गोरक्ष म्हणाला, "एवढ्या मोठ्या गाड्या फिरतात पुद्दुचेरीच्या नंबरच्या? मालक निगडीत राहतो, गाडी निगडीत फिरते, पासिंग पुद्दुचेरीचं. तसंच. फक्त जहाजाचं पासिंग जिथलं, कायदा पण तिथला. शिस्तीचं कलम तिथलं, ती लॉगबुकाची वही पण तिथल्या नियमांची."

"आणि तुझं हे पुस्तक?"

"ते आपल्या सरकारचं."

उद्धवरावांना हे आवडलं. दोन सरकारं, दोन कायदे म्हणजे कुठे ना कुठे फट असणार. त्यांनी कोरा कागद ओढला. पहिलं वाक्य लिहिलं: 'आपल्या पत्रातील मजकूर मला मान्य नाही.' मग पेन थांबवून विचारलं, "कप्तानाने हे इंग्रजीत वाचलं ना?"

"हो."

"झालं तर मग. आरोपपत्र कामगाराला समजेल अशा भाषेत पाहिजे. हे मी तीस वर्षं लिहीत आलोय, एकदाही पडलेलो नाही. लिहितो, सदर मजकूर इंग्रजीत वाचल्यामुळे मला त्याचा अर्थबोध झाला नाही."

"मला कळलं होतं, अण्णा."

"तुला कुणी विचारलंय?"

"काका, एक सांगू का?" तेजल म्हणाली. ती तळवड्यात सुटे भाग बनवणाऱ्या एका युनिटमध्ये क्वालिटीचे कागद सांभाळायची. ऑडिटर आला की त्याच्या पुढ्यात फाइली मांडायचं काम तिचं. "जहाजावर कामाची भाषा इंग्रजी आहे. ती समजते असं मानूनच याला घेतलंय. इंग्रजी कळलं नाही असं आपणच लिहून दिलं, तर ते म्हणतील, मग हा जहाजावर नकोच. आपल्या हाताने पुस्तक देऊन बसू."

उद्धवरावांनी चष्मा काढला. त्यांच्या टेबलाशी बसून इतक्या सरळ आवाजात त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "मग तू सांग."

"आधी याला विचारा ना, टाकीत का नाही उतरला ते. तुम्ही विचारलंच नाही अजून."

हेही खरं होतं. ते कधीच विचारत नसत. कामगाराने काय केलं यापेक्षा कंपनीने काय चुकवलं, हे शोधण्यात त्यांची हयात गेली होती.

"का नाही उतरलास रे?"

गोरक्षने दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. सांगताना तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. "बंद टाकी असते. आत हवा खराब असली तर माणूस चक्कर येऊन पडतो, वर यायलाच मिळत नाही. म्हणून आधी मीटर सोडून ऑक्सिजन बघतात. चीफने मीटर सोडलं, वीस पॉइंट नऊ दाखवलं. बरोबर होतं. पण मीटरच्या पाठीमागे कॅलिब्रेशनचा, म्हणजे मीटर तपासून घेतल्याचा, स्टिकर होता. त्याची तारीख चार ऑगस्टलाच संपली होती."

"म्हणजे दीड महिना," तेजल म्हणाली. "आमच्याकडे साधा व्हर्निअर एक दिवस जरी पुढे गेला ना, तर लाल स्टिकर लावून कपाटात बंद. त्याने मोजलेला माल पण थांबवतात."

"चाकणला आमच्याकडेपण तसंच होतं," गोरक्ष म्हणाला. "हातात मीटर आलं की आधी पालथं करून तारीख बघायची. सवयच लागली आहे."

"हे तू चीफला सांगितलंस?"

"नाही जाणार म्हणालो."

"का नाही जाणार ते?"

"ते नाही सांगितलं. त्याने आवाज चढवला. मग मी बोलायचं बंद केलं."

"आणि दुपारी? कप्तानाने विचारलं तेव्हा?"

गोरक्षने नकारार्थी मान हलवली.

"गेलं का दुसरं कुणी टाकीत?"

"बोसन गेला, डेकवरचा मुकादम. चाळीस मिनिटांत काम करून वर आला. काही झालं नाही त्याला."

तेजलने मोबाइल काढला. "काका, मी थोडं वाचून बघितलं. आपला कायदा, त्यांचा कायदा, यात दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे. कप्तानाने नोंद वाचून दाखवायची आणि खलाशी जे उत्तर देईल ते त्याच वहीत लिहून घ्यायचं. लिहून घ्यावंच लागतं त्याला. कारखान्यात आधी मेमो येतो, मग अठ्ठेचाळीस तास, मग खुलासा, मग चौकशी. तिथं समुद्रावर कुठली आलीय चौकशी? ती पाच मिनिटं हीच चौकशी. तेव्हा 'स्टिकरची तारीख गेली होती' एवढं एकच वाक्य हा बोलला असता ना, तर ते आज याच कागदावर छापलेलं असतं."

उद्धवरावांनी कागदाकडे पाहिलं. तिथं छापलेलं होतं, काही बोलला नाही.

"मग बोलला का नाहीस, लेका?" त्यांचा आवाज जरा वर गेला.

"तुम्हीच सांगितलं होतं ना, अण्णा," गोरक्ष म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सुपरवायझरने विचारावं आणि याने मशीन नंबर सांगावा, तसं ते आलं.

सारजाबाईंनी पदर तोंडाला लावला. "व्हय, भाऊ. समद्या घरात पाठ हाय आमच्या त्यो. काय बोलायचं न्हाई, सही करायची न्हाई."

चहा तसाच राहिला होता. सोजराबाईंनी कप उचलले आणि पुन्हा गरम करायला आत नेले.

*

पुढचे दोन दिवस उद्धवरावांनी पेन हातात घेतलं नाही. सोमवारी एक जण मेमो घेऊन आला, त्याला गुरुवारी ये म्हणून परत पाठवलं. हे आजवर घडलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी सोजराबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"लिहीत का न्हाई?"

"फट सापडत नाही."

"कसली फट?"

"कप्तानाने सगळं बरोबर केलंय. तारीख बरोबर, वेळ बरोबर, साक्षीदार आहे, वाचून दाखवलं, नक्कल देऊ केली. मी कप्तान असतो तर मीपण असंच केलं असतं."

"मग मीटरचं लिवा की."

"ते लिहीन. पण मॅडम, साहेब, जो कोण असेल तिथं, तो पहिला प्रश्न हाच विचारणार. चार महिने कुठं होतास? तेव्हाच का नाही बोललास? आता सुचलेली सबब आहे म्हणेल. मीसुद्धा असंच म्हणालो असतो."

"मग का न्हाई बोलला ते लिवा."

"का नाही बोलला हे तुला माहीत आहे."

"मला म्हाईत हाय. त्यांनला म्हाईत न्हाई." सोजराबाईंनी सालपटं एका बाजूला केली. "तेवढंच लिवायचंय ना?"

"तेवढंच," उद्धवराव म्हणाले.

त्यांनी तीन कागद फाडले. पहिल्यात त्यांनी 'काही जाणत्या मंडळींच्या सल्ल्यावरून' असं लिहिलं होतं. ते कापूस गुंडाळल्यासारखं वाटलं. दुसऱ्यात 'औद्योगिक पट्ट्यातील रूढ पद्धतीनुसार' लिहिलं, ते त्याहून गुळगुळीत. तिसऱ्यात स्वतःचं नाव घातलं आणि मग पहिलं वाक्य खाली कुठे बसेना. मान्य नाही म्हणायचं आणि लगेच खाली मान्य करायचं, हे जुळत नव्हतं. चौथ्या कागदावर त्यांनी सुरुवातच बदलली. 'आपल्या पत्रातील मजकूर खरा आहे. तो अपुरा आहे.'

त्याखाली एका पानात सगळं बसलं. मीटरचा नंबर गोरक्षला आठवत होता, तो घातला. स्टिकरची तारीख घातली. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र कंपनीकडून मागवावं अशी विनंती केली. आणि शेवटचा परिच्छेद: 'कप्तानांनी म्हणणे विचारले तेव्हा मी गप्प राहिलो, कारण शिस्तभंगाच्या प्रसंगी काही बोलू नये व सही करू नये असे मला श्री. उद्धव गंभिरे, निवृत्त टर्नर, यांनी शिकवले आहे. हा नियम कारखान्यासाठी होता. जहाजावर उत्तर त्याच वेळी द्यायचे असते हे मला व त्यांना माहीत नव्हते. श्री. गंभिरे सुनावणीस हजर राहून तसे सांगण्यास तयार आहेत.'

तेजलने ते इंग्रजीत टाइप केलं. मजकुरात काही बदललं नाही. फक्त 'निवृत्त टर्नर' या शब्दांवर थांबून तिने फोन केला, "काका, तुम्ही युनियनचं काही लिहिलं नाही. लिहू का? वजन पडेल."

"नको. टर्नरच होतो मी."

*

सुनावणी मुंबईत, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेअकराला. खोली लहान होती. टेबलापलीकडे अधिकारी मॅडम, बाजूला टाइप करणारा माणूस. कंपनीतर्फे भरती एजन्सीचा रणजीत आला होता. इस्त्रीचा शर्ट, अदबीने बोलणारा. गोरक्ष आत जाताच हात मागे बांधून उभा राहिला.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "हात पुढे घ्या. हे काय पोलीस स्टेशन आहे का?"

गोरक्ष बसला. हातांचं काय करावं हे त्याला कळेना, मग त्याने ते टेबलावर ठेवले.

रणजीतने कंपनीची बाजू मांडली. हुकूम दोनदा दिला होता. बोसन उतरला आणि सुखरूप वर आला. जहाजावर प्रत्येक जण आपापल्या मनाने ठरवू लागला तर जहाज चालायचं कसं? हे म्हणणं चुकीचं नव्हतं आणि त्याने ते चढ्या आवाजातही सांगितलं नाही.

"मीटरचं प्रमाणपत्र मागवलं होतं मी."

"आणलंय, मॅडम." त्याने फाइलमधून कागद काढला. मुदत चार ऑगस्टला संपल्याचं त्यावर होतं. पुढचं कॅलिब्रेशन ऑक्टोबरात, सिंगापूरला. "पण मॅडम, मीटर चालू होतं. रीडिंग बरोबरच होतं."

"चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. ते बरोबर होतं हे त्या दिवशी कुणी सांगू शकलं नसतं, एवढंच." त्या गोरक्षकडे वळल्या. "तुम्हाला तारीख दिसली. मग बोलला का नाहीत?"

गोरक्षने उद्धवरावांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नको. माझ्याकडे बघा."

"मला वाटलं," गोरक्ष म्हणाला आणि थांबला. टाइप करणाऱ्याची बोटं वर राहिली. "मला वाटलं, बोललं की अडकतो माणूस."

"हे गंभिरे म्हणजे तुम्ही?"

"हो मॅडम." उद्धवराव उठून उभे राहिले. घसा खाकरला. या वेळी माईक परत द्यायला कुणी नव्हतं. "याने खुलाशात लिहिलंय ते खरं आहे. मी शिकवलं त्याला. माझ्या एका सोबत्याने चूक लिहून दिली आणि तो नोकरीला मुकला. मीच दे म्हणालो होतो त्याला. तेव्हापासून मी सगळ्यांना गप्प राहायला सांगतो. कारखान्यात ते चालतं, कारण लिहायला नंतर वेळ मिळतो. जहाजावर कसं असतं ते मी कधी विचारलं नाही. कारखान्याबाहेरचं काही मी विचारलंच नाही."

"किती जणांना सांगितलं असेल असं?"

"मोजलं नाही, मॅडम."

मॅडमनी काही वेळ कागद उलटेपालटे केले. मग त्या टाइप करणाऱ्याला सांगू लागल्या, पण डोळे गोरक्षवर होते. फिटरने हुकूम मोडला, हे खरं. नकाराला वाजवी कारण होतं, हेही प्रमाणपत्रावरून दिसतं. कारण त्याच वेळी सांगितलं नाही, हा त्याचा दोष. त्याबद्दल लेखी ताकीद. पुस्तक निलंबित करण्याची गरज नाही.

"आणि लॉगबुकातली ती नोंद, मॅडम?" उद्धवरावांनी विचारलं. जन्माची सवय.

"ती राहील. ती वही आमची नाही. मोनरोव्हियाच्या नोंदणीचं जहाज आहे, त्या वहीतलं पान मी खोडू शकत नाही. माझ्या हातात एवढंच आहे." त्यांनी निळ्या कव्हरचं पुस्तक टेबलावरून पुढे सरकवलं. "उद्या नव्या कंपनीने विचारलं तर तुम्हाला ही नोंद सांगावी लागेल. तेव्हा गप्प बसू नका म्हणजे झालं."

रणजीतने बाहेर आल्यावर गोरक्षशी हात मिळवला. "बुरा मत मानना भाई. आमच्याकडे मार्चमध्ये एक जागा निघते आहे. मी नाव टाकून बघतो. शब्द देत नाही."

"आणि त्यांनी या नोंदीचं विचारलं तर?"

"तर सांग की काय झालं ते."

*

परतीची एसटी दुपारी दोनची मिळाली. गोरक्ष खिडकीशी बसला, उद्धवराव बाजूला. त्याने तेजलला फोन करून पुस्तक मिळाल्याचं सांगितलं. पलीकडून सारजाबाईंचा आवाज एवढा मोठा आला की पुढच्या सीटवरच्या माणसाने मागे वळून पाहिलं. फोन ठेवल्यावर तो पनवेलपर्यंत काहीच बोलला नाही. उद्धवरावांना डुलकी लागत होती.

"अण्णा, त्या टाकीत ना, उतरायला भोक असतं, एवढंच," गोरक्षने दोन्ही हातांनी गोल केला. "खांदे तिरके करूनच जावं लागतं."

"हं."

"आणि आत टॉर्च मारली तर गंज नुसता पापुद्र्यांनी लटकलेला. आमच्या गुऱ्हाळाच्या जुन्या काहिलीसारखा. बोसन उतरला ना, तेव्हा मी वरच उभा होतो. जा म्हणाले तरी गेलो नाही. दर मिनिटाला हाक मारत होतो त्याला. तो आतून शिव्या देत होता मला. शिवी ऐकू आली की बरं वाटायचं."

"हे सांगितलं नाहीस तिथं."

"कुणी विचारलं नाही."

मग तो थांबलाच नाही. कप्तान केरळचा होता आणि नोंद वाचताना त्याचाच आवाज कापत होता. सेकंड इंजिनिअरने नंतर गुपचूप डब्यातली भाजी आणून दिली. पहिल्या जहाजावर त्याला तेरा दिवस उलट्या होत होत्या, चौदाव्या दिवशी त्याने पिठलं केलं आणि फिलिपिन्सच्या पोराने तीनदा मागून खाल्लं. प्रेसच्या त्या जुन्या भानगडीत सुपरवायझर त्याला काय म्हणाला होता, तेही त्याने सांगितलं. आठ वर्षांपूर्वीच्या त्या खुलाशात ते आलं असतं तर चार बैठका लागल्याच नसत्या, असं उद्धवरावांच्या मनात आलं. घाट चढून गाडी लोणावळ्याला थांबली. गोरक्षने दोघांसाठी चिक्की घेतली आणि तोंडात तुकडा ठेवूनच पुढे सांगू लागला.

तळेगावचा थांबा आला. चाकणला जायचं तर त्याने इथंच उतरायला हवं होतं. कंडक्टरने दोनदा ओरडून सांगितलं. गोरक्ष तेव्हा सुएझच्या कालव्यात होता, जहाजाच्या दोन्ही बाजूंना वाळू होती आणि एक उंट त्यांच्या बरोबरीने चालला होता.

उद्धवरावांनी त्याला आठवण करून दिली नाही. पिंपरीचं वल्लभनगर स्टँड यायला अजून तासभर अवकाश होता.